वचन वाचून होतं, पण मन भरत नाही

सर्व वाचकांना प्रभूमध्ये सलाम. या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. माणसं बायबल वाचतात, उपासनेला जातात, मोबाईलवर उपदेश ऐकतात आणि तरी आतून उपाशी असल्यासारखं वाटतं, असं लिहितात. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. नोकरीची सगळी वर्षं इंदूरच्या दवाखान्यांत नर्स म्हणून गेली. आता मंडळीच्या महिला मंडळात शास्त्रपाठ घेते. उत्तरंही त्याच अंगानं येतील.

प्रश्न : माझं वय ५४. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत, वाचाही गेली आहे. मिस्टरांची नोकरी देवासला, मुलगी बंगलोरला. जानेवारीत मी वर्षभरात बायबल वाचून संपवायची योजना मोबाईलवर घेतली. लेवीयापर्यंत आले आणि मागे पडले. आता ते ॲप रोज सांगतं की तुम्ही इतके दिवस मागे आहात. लहानपणापासून मला वचनाची गोडी होती. आता डोळे ओळींवरून फिरतात, आत काही जात नाही. प्रार्थनेला बसलं की झोप लागते. मी मार्था झाले आहे का? देव माझ्यापासून दूर गेला का? – एक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, तुम्ही रात्री सलग किती वेळ झोपता? पत्रात याबद्दल अक्षर नाही, पण मला अंदाज आहे. अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे रात्रीही तुम्ही उठत असणार. त्यात एक दिवसाआड नर्मदेचं पाणी, ते आलं की टाक्या भरायच्या. मग अंग पुसणं, चादर बदलणं, एकेक घास किंवा एकेक चमचा भरवत बसणं, ठसका लागला की थांबणं. एवढं करणारी बाई डोळे मिटून बसली आणि तिला झोप लागली, तर त्यात पाप कसलं? शरीर आपलं देणं मागतंय.

आज पहिला राजे १९वा अध्याय काढा. लगेच सगळा वाचू नका, पहिली आठ वचनं पुरेत. एलीया ईजबेल राणीच्या धाकानं पळाला आहे. बैर-शेबाला आपल्या सेवकाला सोडून एकटाच रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा, आणि ही अवस्था! तिथं देवानं काय केलं ते बघा. दूत आला आणि त्यानं एलीयाला हात लावून उठवलं. ‘तुझा विश्वास कुठं गेला’ असं विचारलं नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो खाऊन पिऊन पुन्हा झोपला, आणि दूतानं त्याला झोपू दिलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही आधी खा म्हणाला, कारण तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची ती मंद वाणी, हे सगळं नंतर आलं. आधी झोप आणि भाकर. आत्म्याच्या पोषणाबद्दल कुणी विचारलं की मी हाच अध्याय आधी सांगते.

आता त्या योजनेबद्दल. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे म्हणजे रोज तीनाहून जास्त. अशा योजनांपैकी सर्वांत नावाजलेली योजना स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केली. त्यात तर रोज चार अध्याय. ही योजना देताना त्यांनी तिचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, केल्याचा अभिमान चढेल, घाईनं वाचलं जाईल, आणि काहींना हे जू पेलणारच नाही, असं ते स्वतः म्हणाले. ॲप बनवणारे योजना घेतात, हा इशारा मात्र देत नाहीत. तुमच्यासाठी आज ते जू आहे. ते ॲप काढून टाका. संकोच करू नका.

फार दिवस पोटात अन्न नसलेला पेशंट आला तर आम्ही त्याच्यापुढे भरलं ताट ठेवत नसू. एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, ठरल्या वेळी, रोज थोडं वाढवत जायचं. तुम्ही आत्ता त्या पेशंटसारख्या आहात, म्हणून तुमचं पथ्य सांगते. एक आठवडा एकच स्तोत्र. पहिल्या आठवड्यात २३वं घ्या, पाठ असलं तरी. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून सासूबाईंच्या पलंगाजवळच्या भिंतीवर लावा. कूस बदलताना एक वचन मोठ्यानं म्हणा, त्यांना ऐकू जाईल असं. पुढच्या वेळी पुढचं वचन. वेगळं बसायला वेळ मिळाला तर बसा, नाही मिळाला तर हाच तुमचा शास्त्रपाठ.

निर्गमाच्या १६व्या अध्यायातला मान्ना आठवा, रानात देव आपल्या लोकांना देत असे ते अन्न. ज्यानं जास्त गोळा केला त्याला उरला नाही, ज्यानं थोडा केला त्याला कमी पडला नाही, आणि सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. चाळीस वर्षं देवानं आपल्या लोकांना कोठार भरू दिलं नाही. मागे राहिलेल्या अध्यायांचा ढीग उपसायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मत्तय ६:११मध्ये आपण आजची भाकर मागतो, साठलेली नाही.

आणि सासूबाईंसाठी गा. वाचा गेलेली माणसं कधी कधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात, कारण मेंदूत गाण्याचं काम बोलण्याच्या वाटेनंच चालतं असं नाही. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, त्यांना ‘हो’ आणि ‘नको’सुद्धा म्हणता येत नव्हतं. एका संध्याकाळी सून उशाशी बसून भजन गुणगुणत होती, पहिलं कडवं संपलं आणि दुसऱ्या कडव्याला म्हातारीचा आवाज लागला, शब्दासकट. सुनेच्या हातातली वाटी तशीच राहिली. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, म्हणून आशा लावून बसू नका. पण त्यांना ऐकू येतंय असं धरून गा.

मार्थाबद्दल एक सांगायचंच आहे. बहीण मरीया प्रभूच्या पायांशी बसून ऐकत होती आणि मार्था कामात गुंतली होती, ही लूकाच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट. घरात राबणाऱ्या बाईला ती मार्था दाखवून गप्प बसवायची आपल्या उपदेशांना सवय लागली आहे, ती मला पटत नाही. त्याच मार्थाचं योहान ११:२७ कुणी वाचून दाखवत नाही. भाऊ मेलेला, कबरेत चार दिवस झालेले, आणि ही बाई प्रभूला म्हणते, जगात येणारा देवाचा पुत्र जो ख्रिस्त, तो तूच आहेस. मरीया तेव्हा घरात बसून होती. मार्था असण्यात कमीपणा नाही. प्रभूनं तिला तिच्या दगदगीबद्दल सांगितलं, कामाबद्दल नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. आधी शिपाईगिरी केलेली, मठात स्वयंपाकघराचं काम मिळालं, पुढे चपला दुरुस्त करायचं. त्यांना स्वयंपाकघरातल्या गडबडीत आणि प्रार्थनेच्या वेळेत फरक वाटत नसे. मोठमोठी माणसं त्यांचा सल्ला घ्यायला येत. हे १६९१ साली वारले. त्यांनी कुठलाही ग्रंथ लिहिला नाही, त्यांची पत्रं आणि संभाषणं लोकांनी मागाहून गोळा केली.

देव दूर गेला का, असं विचारलंत. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कोलकात्यात मरणाऱ्यांची सेवा करताना जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. त्या रोज मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जात होत्या, रोज प्रार्थना करत होत्या आणि आत अंधार होता. जाणवणं थांबणं म्हणजे देव जाणं नव्हे, एवढं तरी आपण त्यांच्यावरून घ्यावं. १३वं स्तोत्र ‘कोठवर’ असं चार वेळा विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्याजवळ शब्द नसतील तर हे उसने घ्या.

दोन कामं मात्र दुसऱ्यांवर टाका. पाळकसाहेबांना फोन करून प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि पेला, घरी आणायला सांगा, सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठीही. आणि मंडळीतल्या कुणालातरी आठवड्यातून एक दुपार घरी येऊन बसायला सांगा, म्हणजे तुम्ही दार लावून झोपाल. सुदामानगरातल्या, अन्नपूर्णा रोडकडच्या भगिनी हे वाचत असतील तर त्यांनी निरोपाची वाट बघू नये.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत काम करतो. बाइकवर जाता-येता कानात उपदेश चालू असतात, रात्री झोपतानाही. ऐकताना अंगावर काटा येतो, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. एक प्रचारक सांगतात की पैशाचं बीज पेरा, कितीतरी पट परत मिळेल. मी दोन वेळा पाठवले. आईला ते आवडलं नाही. माझी भूक खोटी आहे का? – एक तरुण, इंदूर

उत्तर : बेटा, आधी बाइकवर कानातलं काढून ठेव. मी कॅज्युअल्टीत काम केलं आहे. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न न ऐकू आलेली मुलं मी पाहिली आहेत. हा विषय इथंच संपला.

तुझी भूक खरी आहे, म्हणून तर तू इतकं ऐकतोस. पण दुसऱ्यानं चघळलेलं तुला मिळतंय. उपदेशकानं वचनावर तासन्‌तास घालवले, त्याला काही सापडलं, आणि तू ते अर्ध्या तासात कानातून नेतोस. अंगावर काटा आला तो आवाजानं आला, मागच्या संगीतानं आला की वचनानं, हेही तुला कळत नाही. फ्रान्समधल्या कार्थुसियन मठातले ग्विगो नावाचे एक साधू बाराव्या शतकात शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगून गेले: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं राहणं. त्यांच्या मते वाचनानं घास तोंडात जातो, चावण्याचं काम मननाचं. तू घासावर घास घेतोस आणि चावायचं राहून जातं.

मार्कचं शुभवर्तमान घे, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, सोळाच अध्याय. त्यातही आधी दहाव्या अध्यायाची शेवटची सात वचनं, ४६ ते ५२, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. आठवडाभर रोज हीच वाच, एकदा तरी मोठ्यानं. पहिल्या दिवशी वाटेल, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी दिसेल की त्यानं अंगावरचं वस्त्र टाकून दिलं आणि उठला. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या भिकाऱ्याचं ते वस्त्र, त्याच्याकडे दुसरं काय असणार? थंडीत तेच पांघरूण. डोळे अजून आलेले नाहीत, प्रभूनं नुसती हाक मारली आहे, आणि हा आपली मिळकत टाकून निघाला. मग प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? माणूस आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसतंय, तरी विचारतो. हा प्रश्न तुला विचारलाय असं समज आणि वहीत उत्तर लिही. पेननं लिही, मोबाईलवर नको. काय लिहिलंस ते मला कळवायची गरज नाही.

उपदेश ऐकणं बंद कर असं मी म्हणत नाही. आठवड्यात एक ऐक, आणि ऐकून झाल्यावर त्यातलं वचन स्वतः काढून बघ. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७व्या अध्यायात बिरुया गावचे लोक आहेत. प्रत्यक्ष पौल येऊन सांगतोय, तरी ते हे असंच आहे का म्हणून रोज शास्त्रात शोधून बघत होते, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकानं त्यांची वाखाणणी केली आहे.

पैशाच्या बीजाबद्दल तुझ्या आईचं बरोबर आहे. ‘जो सढळ हातानं पेरतो’ हे वचन करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायातलं. तिथं पौल स्वतःसाठी मागत नाही, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करतोय. आठवा अध्यायही वाच: त्या पैशावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून तो एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो. तुझ्या प्रचारकाला हिशेब विचारून बघ. दिलेल्या पैशाची परतफेड देवाकडून ठरावीक पटीत मागणं याला मी विश्वास म्हणणार नाही. गोरगरिबांच्या, आजाऱ्यांच्या घरातून अशा नावानं पैसे जाताना मी बघितले आहेत आणि मला त्याचा संताप येतो. पुन्हा पाठवावेसे वाटले तर तुझ्या गल्लीत कुणाच्या मुलाची फी थकली आहे का ते बघ.

प्रश्न : मी रामबागेत राहते. आमच्याकडे रोज हरिपाठ होतो. या ईस्टरला मैत्रिणीबरोबर व्हाइट चर्चमध्ये गेले होते. शेवटी सगळे पुढे जाऊन गुडघ्यावर बसून काहीतरी खात होते, पेल्यातून घोट घेत होते. मैत्रीण म्हणाली, तू बस. मी बसून राहिले. हा प्रसाद होता का? न घेऊन मी अपमान केला का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही ताई, तुम्ही योग्य तेच केलंत आणि तुमच्या मैत्रिणीनंही. आपल्याकडे प्रसाद नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल. हे थोडं वेगळं आहे. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो, कॅथलिक बांधव त्यांच्या मिस्सात ख्रिस्तशरीर घेतात. ज्यांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल करणं, झालं आहे ते आमच्याकडे घेतात. घेणारा माणूस त्या घासाबरोबर एक वचन देत असतो, म्हणून पाहुण्याला कुणी आग्रह करत नाही.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसले होते. त्यांनी भाकर घेतली, उपकार मानले, मोडली आणि म्हणाले, हे माझं शरीर आहे, माझ्या आठवणीसाठी हे करा. मग प्याला दिला. त्या भाकरीत नेमकं काय घडतं यावर आमच्यात शतकानुशतकं मतभेद आहेत. कॅथलिक म्हणतात, ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. आमच्यातले कुणी आत्म्यानं त्यांची उपस्थिती मानतात, कुणी स्मरण मानतात. मी त्या वादात तुम्हाला नेत नाही. तुम्ही हरिपाठवाल्या, तुमच्याशी मला दुसरंच बोलायचं आहे.

या भोजनाचा सर्वांत जुना लिखित वृत्तान्त शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. इसवी सन ५५च्या सुमारास पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो येतो, ११व्या अध्यायात. आणि तो का येतो? तर भांडणामुळे. तेव्हा हे पूर्ण जेवण असे. पैसेवाले लवकर येऊन खाऊन पिऊन घेत, आणि ज्यांच्या घरात काही नाही ते उपाशी राहत. पौल त्यांना म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजनच नाही. शेजारचा उपाशी असेल तर तुमची वेदी, तुमचे मंत्र, तुमचा पेला, कशाला अर्थ नाही. मी हे वाचते तेव्हा मला आमची सगळी भांडणं लहान वाटतात. इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्यानं सम्राटाला लिहून कळवलं की आम्ही रविवारी एकत्र येतो, भाकर मोडतो, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक ती नेऊन देतात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांची काळजी घेतो. वर सुदामानगरच्या ताईंना मी प्रभुभोजन घरी मागवायला सांगितलं, ते या इतक्या जुन्या चालीतलं आहे.

पुढच्या खेपेस याल तेव्हा बसून बघा: कोण कोणाच्या शेजारी गुडघे टेकतं. डॉक्टर आणि त्याच दवाखान्यातली झाडूवाली बाई एकाच पेल्यातून घेताना मी पाहिली आहेत. सगळ्या मंडळ्यांत, सगळ्या रविवारी असं होतं असं मी म्हणू शकत नाही. जातीची सवय आमच्याही दारात चपलांबरोबर सुटत नाही, ती आत येते. पण सगळे गुडघे टेकतात तो पुढचा कठडा तिच्या विरुद्ध आहे.

प्रश्न : वय ६३, मधुमेह, रोज इन्सुलिन. ईस्टरआधीच्या लेंटमध्ये चाळीस दिवस एकवेळ उपास करायची इच्छा आहे. कराल तर विश्वासानं करा, सगळं ठीक होईल, असं एक जण म्हणाले. – एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : करू नका. इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं की साखर झपाट्यानं खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि एकटा असेल तर बेशुद्ध पडून राहतो. असा सल्ला देणाऱ्यानं तुमच्या उशाशी रात्र काढलेली नसते. उपासाचे नियम काटेकोर पाळणाऱ्या कॅथलिक मंडळीतही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपास साठीच्या आतल्यांसाठी आहे, आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. यशया ५८ वाचा. देवाला कोणता उपास हवा ते तिथं स्वच्छ लिहिलं आहे: भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, उघड्याला वस्त्र द्या. वेळेवर जेवा, आणि रोज एकाच्या जेवणाचं बघा. तरीही काही सोडायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : माझे आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीत इंदूरला आले. आमच्या मंडळीत सगळं हिंदीत चालतं. मी घरी मराठीत प्रार्थना करतो, मराठी पवित्र शास्त्र वाचतो. नातवंडं म्हणतात, आजोबा, हे आम्हाला जड जातं. माझ्यामागे घरातलं मराठी वचन बंद होईल, याचं वाईट वाटतं. – एक आजोबा, नंदानगर, इंदूर

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मला माझं घर दिसलं. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७ साली सुरू झालं, ते हिंदी मुलखात आलेले, त्यांनी हिंदी धरली. आपली घरं मागून येऊन मिळाली. चर्चमध्ये हिंदी आणि चुलीपाशी मराठी, अशीच आपली वाढ झाली. नातवंडं हिंदीत किंवा इंग्रजीत प्रार्थना करोत, देव त्यांचं ऐकतोच. त्यांच्यावर मराठीची सक्ती करून वचनाची नावड लावू नका. तो तोटा मोठा आहे.

पण हा मराठी ठेवा मात्र हातातून सोडू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायका सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना समजावं हा त्यांचा हट्ट होता. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्या याच कामात होत्या, आणि छपाईचं काम मिशनमधल्या बायकांनी शिकून केलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या, ओवीच्या चालीत येशूची भक्ती गायली. ती भजनं आजही मराठी मंडळ्या गातात. त्याहीआधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, आणि देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ते रोमन अक्षरांत छापावं लागलं. विचार करा, मराठी ओवी आणि अक्षरं परकी.

तुमच्या नातवंडांपुढे ती अडचण नाही. इंदुरात शाळेत हिंदी असते, म्हणजे देवनागरी त्यांना येतेच. बडोद्याच्या माझ्या भाचीच्या मुलांना गुजराती लिपीतून सुरुवात करावी लागली, तुमचं काम त्याच्या अर्ध्यावर आहे. ‘ळ’ दाखवा, चार-दोन शब्द सांगा, बाकी ती वाचतील. जेवणाआधी एकानं एक वचन वाचायचं, बस. चूक झाली तर त्याच ताटावर सुधारू नका, दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तेच वचन नीट वाचा. लांबलचक कौटुंबिक प्रार्थना असेल तर ती आटोपशीर करा, पोरांना भूक लागलेली असते. मोठ्याला गाण्याची आवड असेल तर टिळकांचं एखादं भजन पेटीवर बसवू द्या, चाल त्याची त्याला ठरवू द्या.

सुरुवात ११७व्या स्तोत्रानं करा. सगळ्या बायबलमधला तो सर्वांत छोटा अध्याय आहे, दोनच वचनं. ते जमलं की १००वं, त्यात पाच आहेत. २३वं त्यानंतर घ्या, आणि ते मात्र तुम्ही पाठ म्हणून दाखवा.